उशिरा हाती आलेली बासरी

मनुष्याने कोणत्या वयात काय शिकावे, यासंबंधी आपल्या समाजाने काही अलिखित नियम करून ठेवले आहेत. पाचव्या वर्षी मुळाक्षरे, दहाव्या वर्षी पोहणे, विसाव्या वर्षी एखादा पोटापाण्याचा उद्योग, येथे ती यादी बहुधा संपते. पन्नाशीनंतर शिकण्याजोगे दोनच विषय उरतात, एक पथ्य आणि दुसरा परमार्थ. या वयाच्या गृहस्थाने भजनाला जाऊन हाती टाळ घेतले, तर शेजारी त्याला भाविक म्हणतात, परंतु त्याने बासरी विकत आणली, तर "काय हो, प्रकृती बरी आहे ना?" असे विचारतात.

हा प्रश्न मी गेली तीन वर्षे ऐकत आलो आहे. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी बासरी हाती घेतली. त्यापूर्वी माझा संगीताशी संबंध केवळ श्रोत्याचा, परंतु तो मात्र जुना आणि निष्ठेचा होता. मैफलीत पाठीमागच्या रांगेत बसून मान डोलावण्यात मी चाळीस वर्षे घालविली आहेत. सॉक्रेटिस उतारवयात वीणेसारखे तंतुवाद्य वाजविण्यास शिकला, असे सिसेरोने वार्धक्यावरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे, आणि आमच्यासारखी मंडळी या दाखल्याचा मोठा आधार घेतात. त्या वेळी सॉक्रेटिसाचे शेजारी काय म्हणाले, हे मात्र सिसेरो सांगत नाही.

बासरीइतके साधे दिसणारे आणि तिच्याइतके कठोर वाद्य दुसरे क्वचितच असेल. तिला तार नाही, पडदा नाही, पट्टी नाही. बांबूची एक नळी, फुंकण्याचे एक छिद्र आणि बोटांची सहा छिद्रे, एवढाच काय तो संसार. पेटीच्या पट्ट्यांवरून मांजर चालत गेले, तरी जे स्वर निघतात ते ठीक जागचे असतात. बासरीत मात्र स्वर आयता भरून ठेवलेला नसतो. ओठांतून निघालेली हवेची बारीक धार छिद्राच्या पलीकडच्या कडेवर नेमकी आदळली, तरच नळीतील हवा कंप पावू लागते. धार केसभर इकडची तिकडे झाली, की नुसता वारा! पहिला महिनाभर माझ्या बासरीतून जे निघत होते, त्यास वारा याखेरीज दुसरे नाव देता येत नव्हते. पुढे स्वर निघू लागला आणि खरे दुःख तेथून सुरू झाले.

लोकांचा असा समज आहे, की प्रौढ शिकाऊची अडचण दम आणि बोटे या दोन गोष्टींची असते. ती असतेच, परंतु तिच्यावर थोडाफार इलाज आहे. खरी अडचण कानाची. दहा वर्षांच्या मुलाचा कान आणि त्याची बोटे एकाच वयाची असतात. तो चुकीचा गांधार वाजवितो आणि त्यावर खूष होऊन आईला हाक मारतो. बोटे वाढत जातात, तसतसा कानही वाढत जातो, आणि दोघे हातात हात घालून पुढे जातात. आमचे तसे नाही. आमचा कान चाळीस वर्षांचा जाणता, आणि बोटे काल जन्मलेली. ज्या कानाने थोरामोठ्यांचे गाणे ऐकले, त्याच कानाला रोज सकाळी अर्धा तास आपलेच वादन ऐकावे लागते. परीक्षक घरातच बसलेला, आणि तोही निर्दय. अशा स्थितीत तीन वर्षे काढल्यावर बासरी पुतण्याच्या मुलाला देऊन टाकावी, हा विचार माझ्या मनात पुष्कळ वेळा येऊन गेला होता. कुडाळला प्रौढ बासरीवादकांचा दोन दिवसांचा एक घरगुती मेळावा आहे असे कळले, तेव्हा मी तेथे गेलो तो याचा निकाल लावण्याच्या हेतूनेच.

कुडाळ हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कोकण रेल्वेने रात्री मुंबई सोडली, की सकाळी तेथे उतरता येते. जानेवारी अखेरचे दिवस होते. भंगसाळ नदीपासून हाकेच्या अंतरावर, माडाफणसांच्या सावलीत एक कौलारू घर, त्याचे मोठे खळे आणि मागे मांगर, असा आमचा मुक्काम. आम्ही नऊजण होतो. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, मालवणहून आलेल्या एक परिचारिका, कोल्हापूरचे दोघे बँकेतले स्नेही, अशी ही मंडळी. शिकविणारा तरुण आम्हां सर्वांहून पंचवीसतीस वर्षांनी लहान. आम्ही त्याला "सर" म्हणत होतो आणि तो आम्हांला "काका", "काकू" म्हणत होता. "काका, फुंकू नका हो, नुसता श्वास सोडा," हे त्याचे पालुपद होते.

या मुलखात कलेला तोटा नाही. कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, आणि त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दशावतारी नाटके तर गावोगावच्या जत्रांत रात्रभर रंगतात. रात्री राजाचा मुकुट घालणारा नट सकाळी आपले सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरी, असे त्यांच्याविषयी येथे मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु या सर्वांची कला वारशाने आलेली. मृदंगाचा आणि झांजेचा ठेका त्यांच्या कानांवर पाळण्यात असल्यापासून पडलेला. आम्ही नऊजण बिनवारशाचे. आमच्या मागे परंपरा नाही आणि पुढे भवितव्य नाही. ज्याला काल नाही आणि उद्या नाही, त्याने आज कशासाठी वाजवावे, हाच प्रश्न मी बरोबर घेऊन आलो होतो.

खळ्याच्या कडेला माणग्याची बेटे होती. माणगा हा या भागातला प्रसिद्ध बांबू. शेताच्या बांधावर तो लावतात. बांबूकामाला उत्तेजन देणारी 'कोनबॅक' ही संस्था २००४ साली कुडाळलाच निघाली, आणि येथील बांबूच्या खुर्च्या व घरे दूरवर जातात. कोल्हापूरच्या स्नेह्यांनी भोळेपणाने विचारले, की बासरीला बांबू येथलाच वापरता येत नाही का? तेव्हा त्या तरुणाने माणग्याचा एक तुकडा आणून दाखविला. तो जवळजवळ भरीव होता! माणग्याचे सारे मोल त्या भरीवपणात आहे. पण त्याच गुणामुळे बासरीला तो निरुपयोगी. बासरीला पातळ सालीचा आणि पेर लांब असलेला बांबू लागतो, आणि तो आसामातून किंवा केरळातून यावा लागतो. आपल्या भाषेत 'पोकळ' हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि 'भरीव' म्हटले की मनुष्य फुलून जातो. आमच्या नऊजणांकडे पाहिले, तर आम्ही सारे माणगेच होतो. अनुभवाने, मतांनी आणि नोकरीतील आठवणींनी अगदी गच्च भरलेले! अशा बांबूची खुर्ची उत्तम होईल. त्यातून वारा कसा जावा?

शनिवारी दुपारी आम्ही एक तासभर केवळ षड्ज लावीत होतो. सर्वांच्या बासऱ्या एकाच मापाच्या, सुमारे अडीच फूट लांबीच्या, म्हणजे पांढरी तीनच्या. वरची तीन छिद्रे बंद केली, की तिच्यातून सेकंदाला सुमारे ३३० कंपनांचा षड्ज निघावा अशी अपेक्षा असते. निघाले मात्र नऊ वेगवेगळे षड्ज. दोन स्वरांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक पडला, की आवाज सेकंदातून दोनदा फुगतो आणि ओसरतो, लाटेवरच्या होडीसारखा डोलतो. येथे तर नऊ होड्या एकमेकींवर आदळत होत्या. त्यातून ऊन चढले की हवा तापते, आणि तिच्याबरोबर स्वरही चढतो. शेजारच्या घरातील आजी गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "पावण्यांनू, वाजवा हो, पण म्हशीचा दूध काढतंव तेवा वाईच थांबा. ती बिचकता." गोकुळात वेणूच्या नादाने गाई धावत येत असत, असे आपण ऐकतो. कुडाळच्या म्हशीचे मत निराळे पडले.

त्या रात्री जेवणानंतर त्या तरुणाने दोन गोष्टी सांगितल्या. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी लोकगीतांच्या आखूड बासरीला बत्तीस इंचांपर्यंत वाढवून रागदारीच्या मैफलीत आणून बसविले. १९४० साली ते मुंबईस आले, चित्रपटांना संगीत दिले, नाव मिळविले, आणि त्यानंतर १९४७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. दुसरी गोष्ट हरिप्रसाद चौरसिया यांची. १९३८ साली अलाहाबादेत एका पहिलवानाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे आकाशवाणीच्या कटक केंद्रावर आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांचा जम बसलेला असताना ते अन्नपूर्णादेवींकडे गेले. तेव्हा आपली निष्ठा पटवून देण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. सरावलेले हात टाकून दिले आणि दुसऱ्या बाजूने अगदी पहिल्यापासून आरंभ केला.

ही गोष्ट मी पूर्वी वाचलेली होती, आणि तिच्यात मला केवळ गुरुभक्ती दिसली होती. त्या रात्री ती मला निराळीच भासली. ज्याचा कान पूर्ण तयार झालेला आहे आणि ज्याच्या बोटांत सारे कसब आहे, अशा पुरुषाने आपण होऊन आपली बोटे अज्ञानी करून घेतली. म्हणजे जाणता कान आणि अजाण बोटे ही जी स्थिती आम्ही आपले दुर्दैव समजत होतो, ती एका थोर वादकाने बुद्ध्या पत्करली होती. आमची त्यांच्याशी बरोबरी सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. त्यांच्यापुढे शिखर होते, आमच्यापुढे टेकाडही नाही. तरीही त्या अवघड जागी आपल्याआधी कोणी स्वखुशीने बसून गेले आहे, एवढ्याने ती जागा थोडी बसण्यासारखी वाटू लागते.

रविवारी पहाटे पुन्हा षड्ज. गार हवेत, पेज घेण्यापूर्वी रिकाम्या पोटी, डोळे मिटून. मोबाइलवरील तानपुरा मंद लावलेला. पंधरावीस मिनिटे नेहमीप्रमाणे होड्यांची आदळआपट झाली, आणि मग केव्हातरी ते डोलणे थांबले. किती वेळ थांबले असेल? फार तर तीन श्वास. त्या अवधीत मला माझी बासरी ऐकू येईना! ओठांवर तिची कड होती, बोटांखाली तिचा कंप होता, पण स्वर माझा की शेजारच्या काकूंचा हे कळेना. सुरांत सूर मिळाला की निराळा आवाज उरत नाही, हा नादशास्त्राचा साधा नियम आहे. परंतु तीन वर्षे रोज स्वतःलाच ऐकून दमलेल्या कानाला ती केवढी विश्रांती होती!

निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकेकट्याने पाच मिनिटे वाजवावे असे ठरले. एसटीच्या काकांनी भूप घेतला. जन्मभर घाटातून गाडी वळविलेली ती जाड बोटे. धैवतावर जाताना त्यांचा दम तुटला, स्वर फाटला. ते थांबले, हसले, आणि पुन्हा षड्जापासून निघाले. दुसऱ्या खेपेसही धैवत खालीच राहिला. तो खाली राहिला हे मला स्पष्ट कळत होते. तरी मनाला टोचत मात्र काही नव्हते. कारण तो जेथे असावयास हवा होता, तेथे तो मला ऐकू येत होता. काकांनी वाजविलेल्या भूपाच्या मागे, त्यांना वाजवावयाचा असलेला भूप मी ऐकत होतो, आणि तो सुंदर होता.

माझ्या प्रश्नाचे जे काही उत्तर मला मिळाले ते एवढेच. चाळीस वर्षे ऐकून तयार झालेला कान एकांतात शत्रू होतो. चार समानधर्मी माणसांत बसला, की तोच उदार होतो. दुसऱ्याच्या फाटक्या स्वराला तो आपल्या पदरचे ठिगळ लावतो आणि रसिकतेचे सारे संचित त्याच्या ओंजळीत टाकतो. मुलांना हे साधत नाही, कारण त्यांच्यापाशी ते संचित नसते. कलावंतांच्या मेळाव्यात त्याची गरज पडत नाही. ते सुख आमच्यासारख्या, उशिरा आलेल्या आणि फार लांब न जाणाऱ्या मंडळींच्याच वाट्याचे आहे. बैठकीत श्रोता हा नेहमी घेणारा असतो. येथे मला प्रथमच वाटले, की ऐकणाऱ्यालाही काही देता येते. माझी पाळी आली, तेव्हा समोरचे आठजण मला असेच काही देत असतील, या भरवशावर मी वाजविले.

बासरी अद्याप माझ्याकडेच आहे. पावसाळ्यात तिला बुरशी येते, उन्हाळ्यात ती तडकू नये म्हणून तेलाचे बोट फिरवावे लागते, आणि तिच्या पायी सकाळचा अर्धा तास जातो. धैवत माझाही बहुधा खालीच राहतो. पुतण्याच्या मुलाला मी दुसरी, त्याच्या बोटांना बेताची अशी आखूड बासरी आणून दिली आहे. तो चुकीचा गांधार वाजवितो आणि धावत येऊन मला विचारतो, "आजोबा, बरोबर आला ना?" मी "आला" म्हणतो. त्याच्या गांधारामागचा गांधार मला अगदी स्वच्छ ऐकू येत असतो.