घरातला पुरुष

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यातले पुरुष आखातात जाऊ लागले. अब्बाही गेले. मागे अम्मी बँकेत सही करायला शिकली. शेतावर गडी तिनेच लावले, आम्हा भावांना शाळेत तिनेच घातले. अब्बा कायमचे परतले तेव्हा किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. कमाई थांबली आणि अब्बा स्वतःच्या घरात पाहुणे झाले. सारखे चिडत.

एकदा अम्मी तापाने पडली. अब्बा तांदूळ निवडायला बसले. दारात शेजारी दिसताच त्यांनी सूप पडद्याआड सरकवले.

हजरत पैगंबर (स.) घरकामाला हात लावत, हे आम्ही लहानपणीच ऐकले होते. आज आमच्या बायका नोकरी करतात. भांडी आम्हीही घासतो. पण खिडकी लावून.