मांड्याचा एक सेकंद

धुळे, २७ एप्रिल २०२५, रविवार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामीकडे अमळनेरजवळ जायचं नक्की झालं. पुरणाचे मांडे खायचे आहेतच, पण यंदा ते हातावर कसे वाढतात हे फोनवर स्लो मोशनमध्ये उतरवून घ्यायचं आहे. मामेबहीण सुरतेला राहते, तिला मांडे शिकायचेत. मामीला कृती विचारली की ती म्हणते, "हातले माहित शे, माले नही." आणि ते खरंच आहे. गोळा लाटून हातावर घेतला की पुढचं सगळं डोळ्याला पकडता येत नाही.

१८७८ साली मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात. त्याआधी त्यावर नुसते वाद होते. सारंगखेड्याच्या बाजारात पिढ्यान् पिढ्या घोडे पारखणाऱ्यांनाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. मला मामीच्या मनगटाबद्दल तेवढंच हवं आहे.

अमळनेर, २९ एप्रिल, मंगळवार

स्वयंपाकघरात चाचणी घेतली. सेकंदाला २४० चौकटी घेऊन ३० च्या वेगाने दाखवल्या की एका सेकंदाचे आठ होतात. पण मग प्रत्येक चौकटीला सेकंदाच्या २४० व्या भागाहून जास्त वेळ उजेड मिळूच शकत नाही. धुराने काळवंडलेल्या भिंतींमध्ये चित्र अंधारं आणि दाणेदार आलं. वर बल्ब लावला तर सगळी भिंत लपलप करायला लागली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. एरवी ते कळत नाही, संथ चित्रात लगेच कळतं. ऊन मात्र असं लपलपत नाही. मामी म्हणाली, चूल अंगणातच मांडू, तशीही घरात आग आग होते.

संध्याकाळी निंबाला झोके बांधले. माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. झोका वर पोचला की तो क्षणभर आपोआपच थांबतो, तिथे संथ करण्यासारखं काही नसतं. सगळ्यात जोरात तो खाली जातो, पाय जमिनीला रेटा देतात तिथे. लग्नाच्या व्हिडिओत नवरी-नवरदेवाचं नुसतं चालणंही आठपट लांबवतात, ते मला मुळीच पटत नाही. जिथे डोळा कमी पडतो, तिथेच वेग कमी करावा.

आखाजी, ३० एप्रिल, बुधवार

सकाळी घागर भरली, पितरांना नैवेद्य दाखवला. पण मांडे त्याच्याही आधी, ऊन कोवळं असताना झाले. फोन तिवईवर आडवा लावला, मामीच्या हातांवर बोट दाबून फोकस पक्का केला आणि सूर्य मुद्दाम तिच्या मागे घेतला. ही जागा फार कामाची निघाली. मांडा हातांवर पसरत गेला तसा उजेड त्यातून आरपार आला. पुरण कुठे दाट आहे, कुठे विरळ, ते कागदावर काढल्यासारखं दिसलं. मग मांडा पालथ्या खापरावर अलगद पडला.

बोलणं दुसऱ्या फोनवर वेगळं घेतलं. संथ चित्राबरोबर आवाजही ताणला जातो, आणि मला तर मामीचं ओरडणंसुद्धा जसंच्या तसं हवं होतं: "सरक, धूर लागी!"

नऊच्या पुढे फोन इतका तापला की कॅमेराच बंद पडला. तोवर हवं ते मिळालं होतं.

धुळे, २ मे, शुक्रवार

संकलनाला बसले. आधी साध्या वेगाने अख्खा मांडा, मग मनगट वळतं तेवढाच भाग संथ, खापरावर पडताना पुन्हा साधा वेग. गाणं घातलं नाही. फोन मधल्या चौकटी स्वतः रचून वेग आणखी कमी करून देतो. तो प्रकार पाहिला आणि काढून टाकला. त्यात बोटं मांड्यात विरघळतात. ज्यातून शिकायचं, त्यात न घडलेली हालचाल कशी चालेल?

एकेक चौकट पुढे सरकवताना उलगडलं. मामी मांडा ओढत नाहीच. एक हात वर, दुसरा खाली, आणि मांडा आपल्या वजनाने उतरत पसरतो. दर फेकीला ती त्याला जरासा फिरवते, म्हणून एकच कड जाड राहत नाही. इतकी वर्षं समोर बसून खाल्ले, तरी हे फिरवणं मला कधी दिसलं नव्हतं.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी 'अंकुराची वाढ' केला, तेव्हा काळ उलट्या बाजूने वळवला होता: रोपाचे कित्येक दिवस काही क्षणांत. डोळ्याच्या चालीपेक्षा संथ गोष्ट त्यांनी डोळ्यापर्यंत आणली, आपल्याला तेच वेगवान गोष्टीसाठी करता येतं, तेही खिशातल्या फोनवर. याचा मला मनापासून आनंद होतो.

४ मे, रविवार

व्हिडिओ पाहून सुरतेहून मामेबहिणीचा निरोप आला. फिरवणं तिला जमू लागलंय, पण मांडा मधेच फाटतो. विचारते, कणीक किती सैल? मामीला फोन लावला. ती म्हणाली, पाण्याचा हात लावत कणीक तिंबायची, उचलली की तार धरली पाहिजे. ती तार किती लांब, ते आता पुढच्या खेपेला घ्यायचं आहे, साध्या वेगाने, परातीजवळून. गव्हाचं पीठही मामीकडूनच सुरतेला पाठवावं लागेल.