उसना वेग

कार्बन प्लेटचे बूट मी शर्यतीसाठी घेतले आणि सरावात झिजवले. सरावाचे साधे बूट घरात होतेच. पण ते घातले की घड्याळ खरं बोलायचं, आणि पन्नाशीत ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

हे वेड २०१७ साली नायकेच्या व्हेपरफ्लायपासून सुरू झालं. बुटाच्या नावातच ४ टक्के होते. धावायला लागणारी ऊर्जा सरासरी तेवढी वाचते म्हणून. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगे त्याच घराण्यातले बूट घालून १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला आणि आम्हा पुणेकर हौशींची गणितं सुरू झाली. माझं गणित असं: चार तासांचे चार टक्के, म्हणजे साडेनऊ मिनिटं फुकट. ऊर्जा वाचली की वेळही तेवढाच वाचतो, हे मी परस्पर ठरवून टाकलं. शिवाय हे ४ टक्के ज्या चाचणीतून आले, ती ताशी १४ ते १८ किलोमीटरने पळणाऱ्यांवर झालेली होती. मी पळतो ताशी १० ने. पुढे या वेगावरही चाचणी झाली. वाचलेली ऊर्जा भरली एक टक्क्याच्या आत.

प्लेट म्हणजे स्प्रिंग, अशीही माझी ठाम समजूत होती. खरी उसळी जाड, हलक्या फोमची असते. प्लेट तळवा ताठ ठेवते, पुढे वळलेला सोल पाऊल लोटतो. एका प्रयोगात प्लेट आडवी कापून पाहिली, तरी फारसा फरक पडला नाही.

पहिल्याच टेम्पो रनला, म्हणजे टिकवता येईल अशा जोरकस वेगाच्या धावेला, किलोमीटरमागे दहा-बारा सेकंद कमी लागले. तिथे थांबायला हवं होतं. मी तो पेस माझाच धरला आणि पुढच्या सगळ्या सरावाचं वेळापत्रक त्यावर बेतलं. साध्या बुटांत तो जमेना, म्हणून टेम्पोला कार्बन. मग लाँग रनलाही. शेवटी आरामाच्या धावण्यालाही तेच, कारण आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर आकडे सगळेच बघतात.

पावलाच्या कमानीवर दुखायला लागलं तेव्हा मी बुटाची लेस सैल केली. हा माझा उपचार. एमआरआयमध्ये नॅव्हिक्युलर या छोट्या हाडावर ताण आलेला दिसला. डॉक्टरांनी बुटांना थेट दोषी धरलं नाही. मी वेग आणि अंतर एकदम किती वाढवलं, एवढंच विचारलं. उत्तर देताना मी आवाज जरा खाली घेतला. असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या याच हाडाच्या दुखापती २०२३ मध्ये एका वैद्यकीय लेखात नोंदल्या गेल्या. कारण सिद्ध झालेलं नाही, पण सावध राहा, एवढंच लेखाचे लेखक म्हणतात.

मुंबई मॅरेथॉनचं बिब हातात होतं आणि धावायला बंदी. पेडर रोडच्या चढणीला उभं राहून मी ओळखीच्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. बूट बॅगेत नव्हते. फोम तोवर सरावातच बसला होता आणि त्यांची किंमत बायकोला मी निम्मीच सांगितली होती.

आता नवा जोड फक्त शर्यतीला निघतो, आणि सवय राहावी म्हणून त्याआधीच्या एखाद्या लाँग रनच्या शेवटच्या पट्ट्यात. बाकी सगळं साध्या बुटांत. टेम्पोचा आकडा घसरला. तो ग्रुपवर टाकायला पहिल्यांदा फार जड गेलं. कुणाचं लक्षही नव्हतं.