कांद्याचे पाटे, सीताफळाचे पाटे

पिकअपचे पाटे बसलेत हे मालकाच्या आधी दुसऱ्यांना कळतं. रात्री समोरून येणारा उगाच डिपर मारत राहतो. मागची बाजू खाली गेली की हेडलाइटचा झोत वर उठतो आणि थेट त्याच्या डोळ्यांत शिरतो. आपण लाइट कधीचा खाली केलेला असतो, तरी तो शिवी हासडूनच पुढं जातो. मग एखाद्या दिवशी हवा भरणारं पोरगं विचारतं, "काका, गाडी रिकामीच हाय न्हवं? मागनं भरल्यागत दिसती."

आमच्या गाडीची ही अवस्था कांद्यानं केली. पाटोदा तालुक्यातला आमच्यासारखा शेतकरी उन्हाळी कांदा काढला की कड्याला नाही तर नगरला नेतो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण गोणी भरणाऱ्याच्या तोंडी अजून नगरच आहे. गोणी साधारण पन्नास किलोची. तीस गोण्या म्हणजे दीड टन झाला, आणि तिसाव्या गोणीला थांबणारा माणूस मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही. भाव पडलेला असला की भाड्याचा हिशोब डोक्यात असतो आणि गोण्या आपोआप वाढतात. पोलाद हे काही काळ सोसतं. वाकतं, परत मूळ बाकावर येतं. एका हद्दीपलीकडं वाकवलं की मात्र ते पूर्ण परतत नाही, थोडं थोडं सपाट होत जातं.

डिपर आणि दिसणं एक वेळ चालून गेलं असतं. पावसाळ्यात सौताड्याच्या घाटात रिकाम्या गाडीला ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी शेपूट हलवायला लागली, तेव्हा पुतण्या गाडीखाली शिरला. त्यानं आयटीआयला मोटार मेकॅनिक केलंय. बाहेर येऊन त्यानं जे सांगितलं ते मला नवीन होतं. मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका वाल्वपर्यंत बारीक दांडी असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी. आमचे पाटे इतके बसले होते की रिकामी गाडीसुद्धा वाल्वला भरलेली वाटत होती. म्हणून हलक्या गाडीला भरलेल्या गाडीचा ब्रेक लागत होता.

पाटे करायचे ठरलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. जो तो एकच सांगे, "चार पाटे वाढवून टाका, दोन टन टाकलं तरी हालणार न्हाई." कांद्यापुरता विचार केला तर यात गैर वाटत नाही. पण आमच्या पिकअपला वर्षात दुसरंही काम असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटाच्या उतारांवरचं सीताफळ निघतं. 'बीड सीताफळ' म्हणून त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. डोळे उघडलेलं फळ संध्याकाळी तोडायचं, कॅरेटमध्ये गवत घालून लावायचं आणि पहाटेच्या आत पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवायचं. वजन थोडं, पण फळ असं की रस्त्यात दणका बसला तर यार्डात पोचेपर्यंत सालीवर काळे डाग उमटतात. व्यापारी कॅरेटमधलं वरचं फळ बघत नाही, हात घालून तळातलं काढतो. दोन टनांसाठी कडक केलेली गाडी चार-पाच क्विंटल सीताफळ घेऊन निघाली, तर प्रत्येक गतिरोधक त्या तळातल्या फळाच्या अंगावर जाणार.

म्हणजे मला कांद्याला ताठ आणि सीताफळाला मऊ अशी एकच गाडी हवी होती.

बीडला बार्शी नाक्याच्या बाजूला कमान-पाट्यांचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांच्या दुकानासमोर जुन्या पाट्यांचा ढीग पडलेला असतो, पाटा किलोवर मोजून देतात. त्यांना मी दोन्ही माल सांगितले. त्यांनी सल्ला द्यायच्या आधी पुतण्याला म्हटलं, "बेटा, जाडी सांग." मोजमाप आम्ही नेलं होतं. मग त्यांनी जमिनीवर खडूनं हिशोब मांडला. पाट्यांची संख्या वाढवली की ताठपणा त्याच प्रमाणात वाढतो. सहाचे सात केले तर सहाव्या हिश्शानं. जाडीचं तसं नाही, तिथं घनाचा हिशोब लागतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला तर तो जवळपास दुप्पट ताठ होतो. डोळ्याला दोन मिलिमीटरचा फरक कळतही नाही. "लोग गिनती करते हैं," चाचा म्हणाले, "मोटाई कोई नहीं देखता." जादा पाटे टाकलेल्या कित्येक गाड्या दगडासारख्या का चालतात, ते तिथं उमगलं.

जुनेच पाटे ठोकून बाक काढून घ्यायचा स्वस्त मार्गही होता. चाचांनीच तो नको म्हटलं, आणि हे त्यांच्याच धंद्याचं काम होतं. कारखान्यात पाटा तापवून तेलात विझवतात, पुन्हा बेताच्या उष्णतेला आणतात, तेव्हा त्याच्यात वाकून परत येण्याचा गुण येतो. थंड पाट्यावर घण मारून बाक येतो, गेलेला गुण येत नाही. एका हंगामात तो परत बसतो.

ठरलं ते असं : दोन्ही बाजूंना मूळ मापाचा नवा संच आणि त्याच्या तळाशी एक जाड, जवळजवळ सरळ हेल्पर पाटा. वरचे पाटे कमानीसारखे वाकलेले आणि हेल्पर सरळ, त्यामुळं हलक्या मालाला त्याची टोकं वरच्या पाट्याला टेकतच नाहीत. सीताफळाला हेल्पर नसल्यासारखाच. गोण्या चढत जातात तशी वरची कमान सपाट होते, हेल्परवर येऊन बसते आणि तिथून पुढचं ओझं तो वाटून घेतो. घोडागाडीसाठी कमानीच्या पाट्यांचं पेटंट इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटनं १८०४ साली घेतलं. सव्वादोनशे वर्षांत पोलाद बदललं, गाड्या बदलल्या, पण वाकणं आणि सावरणं हे काम तेच राहिलं.

बसवायचं काम घरीच करायचं ठरवलं. घरासमोर सिमेंटचा कोबा आहे, म्हणजे जॅक रुतायची भीती नाही. आदल्या रात्री पुतण्यानं यू-बोल्टच्या आट्यांना तारेचा ब्रश मारून डिझेल सोडून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि चेसिस उचलून जाड लाकडी ओंडक्यांवर घेतली. आबा ओट्यावर बसून होते. "निस्त्या जॅकवर गाडी ठिवून खाली जाऊ नगा," हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी पुतण्याच म्हणाला, "आजोबा, तुम्हीच या खाली, बघून घ्या." ते खरंच आले, ओंडक्यांना काठीनं टोचून बघितलं आणि मग चहा मागितला.

दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे दुसरी बाजू अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवते. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला. यू-बोल्टचे नट डिझेल पिऊनही हटून बसले होते. टॉमीत पाइप घालून पुतण्या लोंबकळला, तेव्हा एक नट बंदुकीसारखा आवाज करून सुटला आणि अंगणातल्या कोंबड्या पार गोठ्यात पळाल्या. एक सुटलाच नाही, तो ग्राइंडरनं कापला. त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण यू-बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. शिवाय हेल्परच्या जाडीमुळं लांब बोल्ट लागणारच होते आणि ते आम्ही आणलेले होते. मग जॅक हळूहळू सोडत अ‍ॅक्सल खाली घेतला. त्या वेळी माझं काम एकच, ब्रेकच्या नळीवर नजर ठेवायची. ती ताणली जाऊ लागली की ओरडायचं.

पुढची पिन आणि मागच्या शॅकलच्या पिना बुशात गंजून बसल्या होत्या. घण थेट पिनेवर मारला तर तिचं तोंड फुगतं आणि ती आणखी अडकते, म्हणून मधे पितळी तुकडा धरून मारत गेलो. पाट्यांचा संच दोघांनी उचलून कोब्यावर ठेवला. जुना संच उघडण्याआधी शिकंजानं आवळून घ्यायचा आणि मगच सेंटर बोल्ट सोडायचा. दाबून बसलेले पाटे बोल्ट सुटताच उसळतात आणि बोटं मधे असली तर ती जातात.

उघडल्यावर एकेक पाटा कडेला टांगून हातोडीनं हलकं वाजवला. धड पाटा घंटेचा नाद देतो आणि नाद रेंगाळतो. डाव्या बाजूचा तिसरा पाटा बद्द वाजला. पुसून उन्हात धरला, तर सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडं केसाएवढी चीर गेलेली. भोकापाशी पाट्याचं अंग कमी असतं आणि ताण जास्त, म्हणून चीर बहुधा तिथूनच निघते. यू-बोल्ट ढिले असतील तर हे लवकर होतं. अशा चिरेवर वेल्डिंग मारून देणारे भेटतात. वेल्डिंगच्या आचेनं त्या जागेचं पाणी उतरतं आणि पाटा त्याच्याच शेजारी तुटतो.

नव्या पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस बारीक हातानं लावलं. पत्त्यांचा कॅट वाकवला की पानं एकमेकांवरून सरकतात, तसे गाडी खाली-वर होताना पाटे एकमेकांवर घासतात. तिथं गंज धरला की तेच पाटे अडखळत, करकरत चालतात. मेन पाटा वर, त्याच्या डोळ्याला अर्धा वळसा घालणारा दुसरा, मग लांबीच्या उतरत्या क्रमानं बाकीचे आणि तळाला हेल्पर. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात अचूक बसावं लागतं. दिवसभरातला सगळ्यात जास्त वेळ तिथं गेला. पुतण्या खाली झोपून "पुढं... पुढं... जरा माघारी" करत होता आणि मी टॉमीनं अ‍ॅक्सल रेटत होतो. ते डोकं भोकात न बसताच बोल्ट आवळले तर अ‍ॅक्सल तिरका राहतो, गाडी एका अंगानं चालते आणि टायर खात बसते. टक् असा आवाज आला आणि आम्ही दोघंही एकदम गप्प झालो.

यू-बोल्टचे चार नट आळीपाळीनं, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले. डोळ्यांच्या आणि शॅकलच्या पिना मात्र हातानंच लावून ठेवल्या. दोन्ही बाजू झाल्या, चाकं चढवली, गाडी जमिनीवर आली, अंग हलवून तिला नीट बसू दिलं आणि मग त्या पिना शेवटच्या आवळल्या. गाडी अधांतरी असताना त्या आवळल्या तर रबराचे बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.

चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर काम सुरू करायच्या आधी टेपनं घेऊन भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं. आता पुन्हा घेतलं. दोन्ही बाजू सारख्या आणि गाडी चांगली दोन इंच वर. हेडलाइटची उंची त्याच भिंतीवर झोत टाकून लावून घेतली. घरी करण्याचं काम इथं संपलं. ब्रेकच्या वाल्वची दांडी आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन मापात बसवून घेतली. पाटे ताठ झाले की भरलेली गाडीसुद्धा पूर्वीइतकी खाली येत नाही. मग वाल्वला ती हलकी वाटते आणि जास्त गरज असते तेव्हाच मागचा ब्रेक कमी लागतो. आमचा आधीचा त्रास याच्या बरोबर उलटा होता. पाटे वाढवणाऱ्यांपैकी या दांडीचा विचार करणारे मला फार थोडे भेटले.

कांद्याची पहिली खेप नेऊन आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. नवे पाटे ओझ्याखाली एकमेकांवर बसतात आणि नट थोडे ढिले पडतातच. या कामात सगळ्यात जास्त टाळली जाते ती ही शेवटची फेरी, आणि मघाची केसाएवढी चीर अशाच टाळाटाळीतून निघते.

गाडी उंच दिसायला लागल्यावर गावातल्यांनी विचारलं, "आता किती टाकता?" मी सांगतो, आरसी बुकावर आहे तेवढंच. पाटा बदलला म्हणून चेसिस, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक बदललेले नसतात. पाट्यानं न वाकता पेललेलं ओझं पुढं त्यांच्यावरच जातं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पडलेल्या भावात तेवढ्या पैशाला किती गोण्या घालाव्या लागतील, हा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

त्या वर्षीचं सीताफळ गुलटेकडीला गेलं, तेव्हा व्यापाऱ्यानं नेहमीप्रमाणं कॅरेटच्या तळाला हात घातला. फळ फिरवून बघितलं आणि काही न बोलता पुढच्या कॅरेटकडं वळला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. आता कुणी पाटे वाढवायचे म्हणून विचारायला आलं, तर मी आधी त्याला वर्षभरात गाडीत काय काय भरतो ते विचारतो. नुसता कांदा, ऊस, खडी असेल तर त्याचा हिशोब निराळा. त्यात टोमॅटो, अंडी, सीताफळ असं काही निघालं, तर त्याला पाट्यांची संख्या सोडून जाडी मोजायला सांगतो आणि चाचांकडं पाठवून देतो.