आम्ही रणगाडा हाकतो

रणगाडा हाकण्याचा प्रसंग आपल्यावर कधी येईल, असे आम्हाला स्वप्नातही वाटले नव्हते. इतिहासाच्या तासाला आम्ही मोठमोठ्या लढाया खडूने फळ्यावर जिंकलेल्या आहेत. पण खडू आणि तोफ यांत अंतर आहे. ते अंतर गेल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या प्रत्ययास आले. गणपतीवर माटोळी शोभत होती, आतून नेवऱ्यांचा खमंग वास येत होता, आणि आमचा भाचा मोबाईल घेऊन ओसरीवर बसला होता. इतक्यात आईची हाक आली. "मामा, जरा धर," असे म्हणून त्याने ते यंत्र आमच्या हाती कोंबले आणि तो आत पळाला. पडद्यावर एक अवजड रणगाडा उभा होता. लढाईस तोंड लागण्याच्या बेतात होते.

शेजारी आमच्याच वर्गातला एक विद्यार्थी बसला होता. तो दर्शनाला म्हणून आला आणि भाच्याचा जोडीदार म्हणून खेळात शिरला होता. त्याच्याकडे एक हलका, चपळ रणगाडा होता.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ'. बेलारूसमधील मिन्स्क शहरी 1998 साली स्थापन झालेल्या वॉरगेमिंग या कंपनीने रणगाड्यांचा मूळ खेळ 2010 साली प्रथम रशियात आणला. त्यात पंधरांविरुद्ध पंधरा लढतात. त्याची ही मोबाईलवरची धाकटी पाती 2014 सालची. हिच्यात सातांविरुद्ध सात. देशोदेशीचे अनोळखी गडी एका क्षणी एका बाजूस येतात आणि सात मिनिटांत निकाल लागतो. ज्याचा रणगाडा जळाला, त्याला त्या लढाईत पुन्हा प्रवेश नाही.

आम्ही अर्थातच शौर्य दाखवावयाचे ठरविले. शत्रू कोठे आहे, सोबती कोठे आहेत, याची चौकशी न करता आम्ही रणगाडा सरळ उघड्या मैदानात घातला. "सर, फुडें वचूं नाकात!" असे तो विद्यार्थी ओरडला. शाळेत आमच्याशी कटाक्षाने मराठीत बोलणाऱ्या त्या मुलाच्या तोंडून घरची कोंकणी निघाली, तेव्हाच आम्ही संकट ओळखावयास हवे होते. पण गुरुजनांना शिष्यांचे ऐकण्याची सवय नसते. तीन बाजूंनी गोळे आले आणि मिनिटभराच्या आत आमचा रणगाडा धडधडून पेटला.

आता पाहण्याखेरीज आम्हाला काम उरले नाही. आम्ही त्या मुलाच्या पडद्यात डोकावलो, तो हे महाशय एका झुडपाआड स्वस्थ उभे! समोर शत्रूचे दोन रणगाडे स्पष्ट दिसत होते, तरी हा तोफ डागीत नव्हता. आम्ही चिडून म्हणालो, "अरे, नुसता बघत काय बसलास?"

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "सर, मी तोफ डागली की मी त्यांना दिसेन. मी इथे आहे, म्हणून ते आपल्या सगळ्यांना दिसतात."

या खेळाचे मर्म त्या दोन वाक्यांत होते. शत्रू आपल्यापैकी कोणाच्या तरी दृष्टिपथात येईपर्यंत पडद्यावर उमटतच नाही. एकाने पाहिला की तो सर्वांना दिसू लागतो. म्हणून हलक्याने पाहावे, जाड चिलखताच्याने समोरून मार सोसावा आणि लांब पल्ल्याच्याने मागून तोफ डागावी, अशी कामाची वाटणी असते. शिवाय अर्धमेल्या रणगाड्याची तोफही धडधाकट रणगाड्याइतकीच मारा करते. म्हणून चौघांना एकेक ओरखडा काढण्यापेक्षा चौघांनी मिळून एकाला निकालात काढावे, हा शहाणपणा.

आमच्या पराक्रमाची खरी किंमत मात्र गणितात कळते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले आहे, की सर्वांना सर्वांवर मारा करता येत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरावे. सात आणि पाच यांत अंतर दोनाचे दिसते. पण वर्ग 49 आणि 25. वजाबाकी 24, त्याचे वर्गमूळ सुमारे 5. म्हणजे पाचांचा फडशा पडेल तेव्हा सातांपैकी जवळजवळ पाच शिल्लक असतील! एकट्याने पुढे धावून मरणारा वीर आपल्या पक्षाचे केवढे नुकसान करतो, ते विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे.

खऱ्या रणांगणाची साक्षही अशीच आहे. 1940 साली फ्रान्सचे रणगाडे संख्येने जर्मनांहून कमी नव्हते आणि त्यांतील कित्येकांचे चिलखत अधिक जाड होते. पण बहुतेकांत बिनतारी संदेशयंत्र नव्हते. आणि अनेकांच्या बुरुजात एकच माणूस बसे. त्यानेच पाहावे, त्यानेच गोळा भरावा, त्यानेच नेम धरावा. उलट जर्मन रणगाडे एकमेकांशी बोलत होते. फ्रान्सच्या पराभवाची कारणे अनेक, पण हे त्यांतले एक.

आमची ती लढाई, आमची मदत नसताही, आमच्या पक्षाने जिंकली. शेवटी पडद्यावर हिशेबाचा तक्ता आला. त्यात प्रत्येकाने स्वतः शत्रूची किती हानी केली याचा आकडा होताच. पण त्याने दाखविल्यामुळे इतरांना किती हानी करता आली, याचाही वेगळा आकडा होता. त्या दुसऱ्या रकान्यात आमच्या विद्यार्थ्याचा आकडा सर्वांत मोठा होता.

तो तक्ता पाहून आम्ही अंतर्मुख झालो. कारण याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पहिल्या चाचणीनंतर आम्ही लाल शाईने लिहिले होते : "इतरांच्या उठाठेवीत स्वतःचे काम अपुरे ठेवतो." तो शेजारच्या मुलांना गणिते समजावून देत बसे आणि त्याची स्वतःची वही रिकामी राही. आमचा शेरा खोटा नव्हता. पण तो अर्धा होता. त्याच्या बाकावरची दोन मुले त्या चाचणीत प्रथमच उत्तीर्ण झाली होती. त्याचे श्रेय आम्ही आमच्या अध्यापनाच्या खाती जमा केले होते. शेरा मिळाल्यापासून तो वर्गात गप्प बसू लागला होता, आणि आम्ही ती त्याची सुधारणा समजलो होतो.

आमच्या गुणपत्रिकेला तो दुसरा रकाना नाही. तो आम्ही एकट्याने छापू शकत नाही. वही पुरी करावयास हवी, हेही आम्ही त्याला सांगितले. पाहणारा गडी आधीच गारद झाला तर पाहणार कोण, हे त्याला लगेच पटले. पण सहामाहीचे प्रगतिपुस्तक आले तेव्हा आम्ही शेऱ्याच्या जागी एवढेच लिहिले : "याच्यामुळे इतरांना दिसते."

त्याचे वडील ते पुस्तक घेऊन शाळेत आले. मुलाला चष्मा लागला आहे काय, असे त्यांनी काळजीने विचारले. मग आम्ही त्यांना ओसरीवरची सारी लढाई, आमच्या मरणासकट, सांगितली.