मी आहे ना

शेजारची मुलगी गॅलरीत फेऱ्या मारत पाठ करत होती, "काउंट ऑन म्हणजे विसंबणे." ती पुढच्या क्रियापदावर गेली, मी तिथेच अडकले. विसंबणे! आपल्याकडे हे बहुधा नकारातच ऐकू येतं: त्याच्यावर विसंबून राहू नकोस. इंग्रजीत मात्र माणूस आपणहून सांगतो, यू कॅन काउंट ऑन मी. आपण तेच 'मी आहे ना' एवढ्यात सांगतो, आणि मला तेच जास्त आवडतं.

माझे मामा एकेरी मार्गावरच्या एका लहान स्टेशनात मास्तर होते. त्यांच्या खोलीत नीलचं टोकन यंत्र होतं. पुढच्या स्टेशनाला घंटा द्यायची, तिथल्या मास्तरांनी संमती दिली की मूठ फिरवायची. मग खटका वाजून पोलादी गोळा खाली यायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं कुलूपबंद. दुसरा निघणारच नाही. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असत. मामांना ती झोपेतही सांगता आली असती, तरी दर वेळी ते गोळा दिव्याखाली धरत, अक्षरांवरून अंगठा फिरवत आणि नावं मोठ्याने वाचत. मग तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. न थांबणारी गाडी असली की ते फलाटाच्या कडेला कडं उंच धरून उभे राहत. इंजिनातून एक हात बाहेर येई आणि कडं दंडात अडकवून अंधारात निघून जाई. गोळा हातात, म्हणजे समोरून कुणी येत नाही. तेवढ्यावर ड्रायव्हर सगळी गाडी पुढे नेई.

कुलूप आहे तिथे विश्वास कसला, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. ज्याच्या हाती माणसांचे जीव आहेत, त्याने नाव दोनदा वाचावं, यात माया असते. डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासाचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.

आता पुष्कळ ठिकाणी रुळांलगतचे ॲक्सल काउंटर आत गेलेले आणि बाहेर पडलेले आस मोजतात. आकडे जुळले, की मार्ग मोकळा.

मामा घरी मात्र कशाचीच खात्री करून घेत नसत. मामीने आतून नुसतं "कडी लावली हं" म्हटलं, की ते कूस बदलून झोपत.