सडपातळपणाचा अभिमान

आमच्या सडपातळ बांध्याचा आम्हांस फार वर्षें अभिमान होता. पन्नाशी उलटली तरी लग्नांतला कोट अंगास नीट बसे, आणि पंगतींत जिलबीचा आग्रह झाला कीं, "बारीक माणसाला काय होतें!" असें म्हणून आम्ही चार अधिक घेत असूं. हा अभिमान गेल्या दिवाळींत रक्ताच्या एका थेंबानें उतरविला.

आमच्या पुतणीचे यजमान जन्मानें इंग्रज. दिवाळीस उभयतां पुण्यास आलीं होतीं. पाडव्याच्या दिवशीं थट्टेथट्टेंत आम्हां दोघांचें वजन झालें. उंचीप्रमाणें तेंहि सारखेंच भरलें. एकाच पंगतीस बसून पुरी, श्रीखंड, वरणभात सारखेच जेवलों. दोन तासांनीं चिरंजीवांनीं घरांतल्या यंत्रावर दोघांची रक्तशर्करा पाहिली. जावईबापूंची ११८, आमची २१२! पुढें डॉक्टरांनीं रीतसर तपासण्या करून मधुमेहाचें निदान केलें.

एका मोजणीवरून सिद्धान्त बांधूं नये हें खरें. परंतु ह्या कोड्याची उकल आमच्याच पुण्यांत पूर्वीं झालेली आहे. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! जेवणानंतर रक्तांत उतरलेली साखर बव्हंशीं स्नायू शोषून घेतात. स्नायू थोडे व पोटांत चरबी अधिक, तेथें इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि साखर रक्तांत रेंगाळते. वजनकांट्यास हा भेद कळत नाहीं. म्हणून कंबरेचा घेरहि मोजावा. भारतीय पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा.

ह्याचें मूळ मात्र आईच्या उदरांत आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत पाहिलेल्या नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. तरीहि आपल्या बाळांच्या अंगीं चरबी त्या मानानें टिकून होती. उणीव होती ती स्नायूंची. त्याच खेड्यांत ज्या गरोदर स्त्रियांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक, त्यांचीं बाळें सरासरीनें अधिक भरदार निघालीं.

हें वाचलें आणि आमची सून डोळ्यांपुढें उभी राहिली. तिला सहावा महिना आहे, आणि आमच्या घरीं बायका अजूनहि मागून जेवतात. भाजी सरली तर लोणच्यावर भागवितात. आमच्या मातोश्रींनीं आमच्या वेळीं तेंच केलें असेल. हा शिरस्ता आम्हीं पाडला नाहीं, पण सुखानें चालूं दिला.

आतां आम्ही रोज पर्वती चढतों आणि भात निम्म्यावर आणला आहे. परंतु खरा बदल पंगतीचा. पहिलें पान सूनबाईचें मांडलें जातें. ती संकोचून म्हणते, "तुम्ही बसल्यावांचून कसें जेवूं?" आम्ही सांगतों, "ही पंगत आमच्या नातवंडाची आहे, सूनबाई. आम्ही मागून बसूं."